माझ्या कानामागचा माणूस

मला फक्त एक फोटो हवा होता. आमच्या शाळेला पन्नास वर्षं पूर्ण होत होती, त्यानिमित्त स्मरणिका निघणार होती, आणि तिच्या अकराव्या पानावर माझ्यासाठी दोन इंच बाय तीन इंचांचा चौकोन राखून ठेवला होता. खाली छापायचं होतं, 'लॅमेक चिउमिया, माजी उपमुख्याध्यापक, भूगोल.' एकतीस वर्षं मुलांना जगातल्या नद्या आणि डोंगर पाठ करायला लावल्यावर माणसाच्या वाट्याला सहा चौरस इंच जमीन यावी, यावर मला बरंच बोलता आलं असतं. बोललो नाही. फोटो तरी नीट असावा एवढंच मनाशी ठरवलं.

गावात फोटोवाला एकच, हेझ्रॉन. त्याच्या स्टुडिओत मागे एक पडदा असतो आणि त्यावर विमान रंगवलेलं आहे. आमच्या चिफुंगा गावातली निम्मी माणसं त्या विमानाच्या जिन्यावर उभी आहेत, आणि त्यातलं एकही कधी विमानात बसलेलं नाही. मी हेझ्रॉनला सांगितलं की भूगोलाच्या शिक्षकामागे खोटं विमान शोभणार नाही. खरा भूगोल दाराशी पसरलेला असताना मी पडद्यापुढे का उभा राहू? हेझ्रॉन म्हणाला, सरोवरावर उजेड फार असतो, डोळे मिचमिचे येतात. मी म्हटलं, माझे डोळे माझ्यावर सोड.

तर मार्च महिन्यातल्या एका सकाळी, टाय लावून, मलावी सरोवराकडे पाठ करून मी उभा राहिलो. पाणी इतकं शांत होतं की आभाळ कुठे संपतं ते कळत नव्हतं. हेझ्रॉननं एकदाच बटण दाबलं, कारण रोलमध्ये तेवढंच शिल्लक होतं.

चार दिवसांनी तो फोटो घेऊन आला, पण घरात यायला तयार होईना. अंगणातूनच हात लांब करून त्यानं पाकीट दिलं. फोटोत मी बरा आलो होतो, टायही सरळ होता. पण माझ्या उजव्या कानामागे, किनाऱ्यापासून बरंच आत, पाण्यावर एक माणूस उभा होता. बोटाच्या पेराएवढा. होडी नाही, काही नाही. हात खाली सोडून, आपल्याला कुणी बोलावतंय का याची वाट बघत असल्यासारखा उभा.

"मास्तर, मी बटण दाबलं तेव्हा तुम्ही एकटेच होतात," हेझ्रॉन म्हणाला, आणि निघून गेला.

मी फोटो घेऊन शेजारी वायसन मुहांगोकडे गेलो. वायसन निवृत्त पोस्टमास्तर, शिवाय स्मरणिकेचा चिटणीस. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं हाताळल्यामुळे त्याला नियमांशिवाय कशावरच भरवसा राहिलेला नाही. त्यानं भिंग लावून फोटो पाहिला आणि शांतपणे सांगितलं की फोटोत जितकी माणसं असतील तितक्यांची नावं डावीकडून उजवीकडे छापायची, असं समितीनं ठरवलं आहे. डावीकडच्याचं नाव काय?

मी म्हटलं, तो माणूस नाही, सरोवरावरच्या बारीक उडत्या माश्यांचा लोट असेल. अमावास्येच्या सुमारास पाण्यातून धुरासारखे खांब उठतात ते काय फक्त मलाच दिसतात? वायसननं पुन्हा भिंग लावलं. "माश्यांना गुडघे नसतात," तो म्हणाला.

मग म्हटलं, कापून टाक तेवढा भाग. त्यानं कात्री आणली, फोटोवर दोन-तीन बाजूंनी धरून पाहिली, आणि म्हणाला की माणूस कापला तर कानही जाईल. माजी उपमुख्याध्यापक एका कानाचे छापले तर मुलं काय म्हणतील, तेवढं तुम्ही ठरवा.

दुसरा फोटो काढायचा ठरवून मी घरी आलो, तिथेच सगळं बिघडलं. फोटो टेबलावर ठेवून मी टाय सोडायला आत गेलो. बाहेर आलो तर न्यामफांदे, म्हणजे माझी बायको, खुर्चीच्या कडेवर बसली होती आणि फोटो तिच्या दोन्ही तळव्यांवर होता, पाखराचं पिल्लू धरावं तसा.

"मातेयू आहे," ती म्हणाली.

मातेयू तिचा धाकटा भाऊ. नऊ वर्षांपूर्वी तो मासे धरायला गेला, वादळ झालं, आणि तिसऱ्या दिवशी त्याची होडी एकटीच किनाऱ्याला लागली. तो मिळाला नाही. न्यामफांदेनं ना त्याच्या मृत्यूची नोंद होऊ दिली, ना प्रार्थना. माहेरच्यांशी त्यावरून भांडली. माझ्याशी भांडली नाही, कारण मी तिच्यापुढे तो विषयच कधी काढला नाही. हा माझा समजूतदारपणा आहे असं मी नऊ वर्षं समजत होतो. भित्रेपणा आणि समजूतदारपणा लांबून सारखेच दिसतात.

बातमी संध्याकाळच्या आत गावभर झाली. दुसऱ्या दिवसापासून आमच्या ओसरीवर माणसं यायला लागली, आणि प्रत्येकजण आपापला फोटो घेऊन. एकीच्या लग्नाच्या फोटोत तिची आजी हसत होती, जी लग्नाच्या दोन वर्षं आधी वारली होती. एकाच्या फोटोत सहा भाऊ होते आणि सावल्या सात. मी मोजल्या, सहाच होत्या, पण तसं म्हणायची सोय नव्हती. गोष्टीही आल्या. कुणाचा मामा कसावाच्या पोत्यावर पालथा पडून चार दिवस तरंगला आणि पलीकडे मोझांबिकच्या किनाऱ्याला लागला. तिथल्या लोकांनी त्याला जेवायला घालून विचारलं, पोतं विकणार का. एका बाईचा सासरा वादळात पाण्यात पडला, तर पाणघोड्यानं त्याला नाकानं ढकलत ढकलत उथळ पाण्यात आणून सोडलं. मी हळूच विचारलं की पाणघोडा असं का करेल. ती म्हणाली, "सासरेबुवा तोंडानं फार फटकळ होते. त्यालाही नको झाले असतील."

न्यामफांदे सगळ्यांना चहा आणि गरम, तळलेले मंडासीचे गोळे द्यायची आणि ऐकत बसायची. तिचा चेहरा मी इतका मोकळा बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता. मला आनंद व्हायला हवा होता. पण ती रात्रीच्या जेवणाला तिसरं ताट मांडायला लागली, आणि त्या ताटातली न्सिमा, आमची मक्याच्या पिठाची उकड, गार होताना बघत जेवणं मला जड जायला लागलं.

वायसन मात्र चिकाटीचा. त्यानं मातेयूचं नाव टिपून घेतलं आणि विचारलं, पुढे 'कै.' लावायचं की नाही? लावायचं तर मृत्यूचा दाखला हवा. न्यामफांदेला न सांगता मी जिल्ह्याच्या नोंदणी कार्यालयात गेलो. तिथल्या बाई अतिशय सौम्य होत्या. त्यांनी फोटो पाहिला, मागची तारीख पाहिली आणि म्हणाल्या, या मार्चमध्ये ज्याचा फोटो निघाला आहे तो नऊ वर्षांपूर्वी वारला अशी नोंद मी कशी करू? बरं, जिवंत आहे असं म्हणाल तर तसा दाखला घ्यायला त्यांना स्वतः यावं लागेल. मी म्हटलं, ते पाण्यावर आहेत. त्या म्हणाल्या, आम्ही दुपारी तीनपर्यंत असतो.

तिथून त्यांनी मला पोलीस चौकीत पाठवलं. शिपायानं बेपत्ता माणसांच्या फायलींतून मातेयूची फाईल काढली, धूळ झटकली, आणि त्याला फार आनंद झाला. इतक्या वर्षांत त्या कपाटातली एकही फाईल बंद झालेली नव्हती. 'सापडले' असा शिक्का त्यानं हौसेनं शाईत बुडवला. मग त्याला आठवलं की खाली सापडलेल्याची सही लागते. शिक्का हातात धरून तो माझ्याकडे इतक्या आशेनं बघत राहिला की मलाच अपराधी वाटलं.

घरी आलो तर घर रिकामं. न्यामफांदे किनाऱ्यावर बसली होती, पाण्याकडे तोंड करून. पुढे ते रोजचंच झालं. सकाळी कामं आटोपली की ती जायची, उन्हं उतरल्यावर यायची. मी एकदा जाऊन शेजारी बसलो. मग ती म्हणाली, "तुम्ही घरी जा. तुम्ही असलात की तो बुजतो."

हे मला लागलं. चाळीस वर्षांचा संसार, आणि मी एका पेराएवढ्या माणसाला बुजवतो. तिच्याबद्दल काळजी होतीच, पण खरं सांगायचं तर त्यात मत्सरही होता. मी ठरवलं की त्या जागी जायचं, तिथे काय आहे ते डोळ्यांनी पाहायचं आणि तिला शास्त्रशुद्ध समजावून सांगायचं.

एप्रिलमधल्या एका शनिवारी, ती माहेरच्या गल्लीत गेल्याचं पाहून, मी म्हाताऱ्या कोंद्वानीची होडी मागितली. कोंद्वानी कोळी. एका ओंडक्यातून कोरलेली त्याची होडी माझ्या वयाची असावी. त्यानं विचारलं, मास्तर, वल्हवता येतं ना? मी या सरोवराची लांबी, रुंदी आणि खोली एकतीस वर्षं फळ्यावर लिहीत आलो आहे. म्हटलं, येतं.

होडीला पुढे जायचं नसतं, तिला गोल फिरायचं असतं, हे कुठल्याही पुस्तकात नाही. तरी सकाळचा वारा जमिनीकडून पाण्याकडे वाहत होता, त्यानंच मला नेलं. फोटो खिशात होता. मागे वळून, फोटोच्या दिवशी जिथे उभा होतो तिथल्या खुणा जुळवत, चर्चचं छप्पर आंब्याच्या झाडावर आलं तेव्हा मी थांबलो, म्हणजे फिरत राहिलो. आणि वल्हं कशाला तरी खटकन लागलं.

वाकून पाहिलं. स्वच्छ पाण्याखाली एक रुंद, सपाट खडक होता. मला जो आनंद झाला तो सांगता येणार नाही. बूट काढून होडीत वल्ह्याजवळ ठेवले, पँट दुमडली आणि उतरलो. पाणी बरोबर गुडघ्याइतकं. इथे कुणीही उभं राहू शकतं. जाळं अडकलं म्हणून एखादा कोळी उतरला असेल, होडी माझ्या डोक्याआड आली असेल, आणि हेझ्रॉननं तेवढ्यात बटण दाबलं असेल. गूढ संपलं. मी कंबरेवर हात ठेवून किनाऱ्याकडे पाहिलं. वर्गात अवघड गणित सुटल्यावर सुखावायचो तसा मी सुखावलो होतो.

मग वळलो. होडी वीस हात लांब गेली होती. संथपणे, काही घाई नसल्यासारखी, माझे बूट घेऊन ती मोझांबिककडे निघाली होती.

मला पोहता येत नाही. हे मी गावात कुणाला सांगितलेलं नाही, कारण कुणी विचारलेलं नाही.

सुरुवातीला मी ओरडलो. पण वारा माझा आवाज उलटा आत नेत होता. थोड्या वेळानं किनाऱ्यावर एक बाई कपडे धुवायला आली. तिनं मला पाहिलं, मी जोरात हात हलवले. तिनं टोपली तिथेच टाकली आणि पळत सुटली. हुश्श म्हटलं, आता माणसं येतील. आली. दहा आली, मग पन्नास, मग सगळं गावच. सगळ्यांत पुढे हेझ्रॉन, कॅमेरा आणि तिवई घेऊन. मी दोन्ही हात हलवले. त्यांनीही हलवले. मग पाळक आले, आणि सगळी गुडघ्यांवर बसून भजन म्हणायला लागली.

वारा तिकडूनच येत होता, त्यामुळे मला शब्दन् शब्द ऐकू येत होता. मृतात्म्याला शांती लाभो, असं ते चौथ्या कडव्यात म्हणाले. मी माझ्याच विद्यार्थ्यांचे आवाज ओळखत होतो. खर्जात गाणाऱ्या त्या पोराला मी तीनदा नापास केलं होतं. आता तो माझ्यासाठी फार मनापासून गात होता. मी बोट नाचवत ओरडून सांगितलं की गाढवांनो, मी आहे. त्यांनी पाचवं कडवं घेतलं.

ऊन चढलं. पाय बधिर झाले. मगरींबद्दल मी मुलांना जे जे शिकवलं होतं ते सगळं क्रमानं आठवलं, आणि मी चांगला शिक्षक होतो हे पहिल्यांदाच नकोसं वाटलं. पाण्यात हात घालून दोन घोट प्यायलो. खडक चार पावलं लांब, तीन पावलं रुंद. त्यापलीकडे निळं, मग काळं. तिथली खोली मला आकड्यात माहीत होती. ती पायाच्या अंगठ्यापाशी सुरू होताना पाहणं वेगळं.

दुपार कलताना पूर्वेकडून माश्यांचा लोट आला. पाण्यातून धुराचा खांब उठावा तसा उठला, वाकला आणि माझ्यावरून जायला लागला. त्या चावत नाहीत. नुसता एक मऊ, राखी अंधार, आणि कोट्यवधी बारीक पंखांची कुजबुज. किनारा दिसेनासा झाला, भजन ऐकू येईना, माझे स्वतःचे हातही दिसेनात. किती वेळ गेला कुणास ठाऊक. भीती कुठे गेली तेही कळलं नाही. त्या धुक्यात आपल्या शेजारी कुणीतरी उभं आहे असं मला वाटलं. मी शास्त्र शिकवलेला माणूस. वळून पाहिलं नाही. थोडासा सरकलो मात्र, जागा व्हावी म्हणून.

"तुझी बहीण बरी आहे," मी म्हणालो. "फार वाट बघते." मग म्हटलं, "मी तिच्याशी कधी नीट बोललोच नाही."

लोट गेला. शेजारी कुणी नव्हतं. वारा फिरला होता, आता पाण्याकडून जमिनीकडे वाहत होता. आणि किनाऱ्यावर काहीतरी गडबड उडाली होती.

काय झालं ते मला नंतर कळलं. वाऱ्याबरोबर कोंद्वानीची होडी परतली होती, रिकामी, आणि आत माझे बूट. गर्दी किंचाळून मागे सरकली. आत्म्यानं मास्तरला नेलं, असं पाळकांनीच जाहीर केलं. न्यामफांदे एकटी पुढे झाली. या किनाऱ्यानं तिला दुसऱ्यांदा रिकामी होडी दिली होती. तिनं बूट पाहिले, उचलून वाळूवर नीट जोडून ठेवले, होडी पाण्यात ढकलली आणि कुणाला काही विचारायला न थांबता वल्हं मारलं.

मला दिसलं ते एवढंच, की एक होडी सरळ रेषेत येते आहे. नऊ वर्षांत न्यामफांदेनं सरोवरात पाऊल टाकलेलं नव्हतं. जवळ आली तेव्हा तिचा चेहरा असा होता की मी हलवायला उचललेला हात खाली घेतला.

"बूट आले," ती म्हणाली. "म्हटलं, माणूसही आणावा."

मी विचारलं, मी आहे हे कसं ओळखलंस.

"सकाळी तो मातेयूच वाटला. म्हणून बघत बसले होते. मग त्यानं बोट नाचवून लोकांना रागवायला सुरुवात केली. मातेयूनं जन्मात कुणावर बोट उगारलं नाही."

होडीची दोरी तिनं माझ्या मनगटाला बांधली, दोन गाठी मारून. मी चढायला गेलो तर तिनं थांबवलं. खाली पाण्यात पाहिलं, कमरेला गुंडाळलेलं चितेंजे गुडघ्यांवर खोचलं आणि स्वतःच उतरली. पायांनी खडक चाचपला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, नवं घर बघावं तसा. मग माझ्या शेजारी उभी राहिली. किनाऱ्यावरची हालचाल एकदम थांबली. तिकडून पाहणाऱ्यांना आता पाण्यावर दोघं दिसत असणार.

कोळ्याचं, जाळ्याचं, डोक्याआडच्या होडीचं सगळं स्पष्टीकरण माझ्या तोंडात तयार होतं. त्यासाठीच तर आलो होतो.

"मी डोळे मिटले की तो मला दिसतो," न्यामफांदे म्हणाली, "आणि त्याच्या पायाखाली काही नसतं. नऊ वर्षं. नुसतं पाणी, खाली खाली. एवढंच मला सहन होत नव्हतं." तिनं पायाच्या बोटांनी खडक दाबला. "इथे उभं राहता येतं."

"येतं," मी म्हटलं. "मी दिवसभर उभा होतो."

तिनं माझा हात धरला. रडली असेल, पण पाणी इतकं चमकत होतं की नीट दिसलं नाही. मी स्पष्टीकरण गिळून टाकलं.

किनाऱ्यावर आमचं स्वागत झालं असं म्हणता येणार नाही. होडीतून मी उतरलो हे पाहून लोक फार हिरमुसले. पाळक जवळ आले आणि अतिशय नम्रपणे म्हणाले की वरच्या वाडीतली माणसं अजून वाटेत आहेत, मास्तरांनी आणखी थोडा वेळ उभं राहायला काय हरकत होती? हेझ्रॉन म्हणाला, त्यानं पूर्ण रोल संपवला आहे, आणि प्रत्येक फोटोत माझे डोळे मिचमिचे आहेत. कोंद्वानीनं होडी तपासली आणि म्हणाला, "त्या खडकावर गेलात होय? अहो, तो तर आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्ही विचारलं नाहीत. मार्चात माझंच जाळं तिथे—"

"कोंद्वानी," मी म्हटलं, "तुझ्या होडीला भोक आहे का?"

तो भोक शोधायला वाकला. न्यामफांदे बूट झटकत होती. तिनं ऐकलं की नाही, मी कधी विचारलं नाही. सोमवारी ती सकाळीच तयार झाली, मला न घेता नोंदणी कार्यालयात गेली, आणि त्या सौम्य बाईंच्या समोर बसून भावाची नोंद करून आली. त्यासाठी तिनं फोटो नेला नव्हता.

पण तो सोमवार. त्या शनिवारी आम्ही चढणीच्या वाटेनं घरी निघालो तेव्हा माझे पाय इतके सुजले होते की बूट हातात घ्यावे लागले. अनवाणी उपमुख्याध्यापक बघायला दोन्ही बाजूंना माणसं होतीच. न्यामफांदे माझ्या पुढे चालत होती आणि मातेयूबद्दल सांगत होती. तो लहानपणी कोंबड्यांना सरोवराकाठी नेऊन पोहायला शिकवायचा. आईनं मारलं की पपईच्या झाडावर चढून बसायचा आणि वरून तिचीच नक्कल करायचा. त्याला मीठ कमी लागायचं.

मी भाषेचा नव्हे, भूगोलाचा शिक्षक. पण नऊ वर्षं मी तिच्या तोंडून त्याच्याबद्दल ऐकत आलो होतो ते असं, की त्याला मीठ कमी लागतं, तो असं हसतो, तो तसं चालतो. आज ती म्हणत होती, लागायचं, हसायचा, चालायचा. एकामागून एक, न अडखळता, चढणीवर धाप लागली तरी न थांबता ती सांगत होती. मी मागून बूट घेऊन चालत राहिलो, आणि घर आलं तरी, तिचं सांगून संपेपर्यंत, दार उघडलं नाही.